निपुत्रिकाची मुलगी

३ नोव्हेंबर

"मी निपुत्रिक माणूस, डॉक्टर. पुतण्या आल्याशिवाय ऑपरेशन नाही." — तात्या. माझ्यासमोर! हातात त्यांचंच बेडपॅन होतं. ते त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. उशीर नको, डॉक्टर परत परत सांगतायत. मी म्हटलं, मी मुलगी आहे, मी सही करते. तर भिंतीकडे तोंड फिरवून — "हेरंब येऊ दे." हेरंब म्हणजे काकांचा मुलगा. विरारला असतो. गणपतीला आला होता. मोदक हाणले नि गेला.

४ नोव्हेंबर

हेरंब आला नाही. "ताई, ऑडिट चाललंय गं."

५ नोव्हेंबर

अर्धा दिवस ऑफिसला. परळला ऑफिसात जाताना वाटलं, निदान तिथे तरी तात्या नाहीत. पण कसलं काय!

आमचं अ‍ॅप भाषा शिकवतं, मराठी माझ्याकडे. आजचा धडा: नामापासून विशेषण. राग–रागीट, माया–मायाळू, भांडण–भांडखोर. इथपर्यंत मजेत. मग 'नसलेला' सांगणारी विशेषणं आली. इंग्रजीत 'चाइल्ड'ला 'लेस' चिकटवलं की झालं. जर्मनवाला नील म्हणाला, 'किंडरलोस'. तुर्कीत 'चोजुक्सुझ'. मूल नाही, एवढंच. मुलगा की मुलगी, कोणी विचारत नाही.

मी बिनधास्त टाइप केलं — निपुत्रिक. शेजारच्या टेबलावरची स्पृहा माझ्या खांद्यावरून वाचत होती. "पण यात पुत्र आहे ना? मग मुलगी असली तर काय म्हणायचं?"

काय म्हणायचं! निपुत्रिकच म्हणायचं. पाच मुली असल्या तरी. आणि मुलगी नसलेल्याला शब्दच नाही, कारण त्याचं काही अडतच नाही.

खोडून 'अपत्यहीन' केलं. सगळे म्हणाले, छान. छान काय? आमच्या गिरगावात कोणी बोलतं का असं?

६ नोव्हेंबर

ताप आहे. तरी हट्ट तोच. डॉक्टर म्हणतात, पेशंट शुद्धीत आहे, तो नाही म्हणतोय तोवर आम्ही हात लावणार नाही.

७ नोव्हेंबर

आज भांडलेच. वॉर्डात, सगळ्यांदेखत.

"आई गेल्यापासून तुम्हाला भरवतं कोण? पुसतं कोण? मग मी कोण तुमची?"

"अगं मने, तू आहेसच गं. पण तू आपली —"

"आपली काय?"

"मुलगी." एवढंच बोलून डोळे मिटले. म्हणजे उत्तर दिलं की संपवलं?

थोड्या वेळाने पुटपुटले, "भांडखोर. अगदी आईवर गेलीस." त्यात माया होती का? होती बहुतेक. मला नकोय असली माया.

८ नोव्हेंबर

हेरंबचा व्हिडिओ कॉल. "करून टाका, तात्या." आणि तात्या हो म्हणाले! इतके दिवस मी हातापाया पडत होते. त्याचे तीन शब्द पुरले, तेही फोनवरून. उद्या ऑपरेशन.

थिएटरमध्ये नेताना मी हात धरणार नाही. ठरवलंय.

९ नोव्हेंबर

धरला. त्यांनीच सोडला नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी तात्या गेले. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता.

शेजारच्या शेवंतीकाकू गळ्यात पडल्या. "पोरकी झालीस गं, बाय माझी!"

पोर — पोरका — पोरकी.

हा शब्द मुलीलाही लागतो.