धने-वाळ्याचं पाणी

४ एप्रिल

लाँड्रीच्या इस्त्रीखात्यातला मोठा पंखा अखेर बंद पडला. सुपरवायझर म्हणाला, "उद्या माणूस येईल." मागच्या उन्हाळ्यातही हेच ऐकलं होतं. रोलरमधून चादर बाहेर येते आणि तिच्याबरोबर वाफेचा लोट तोंडावर. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबल धरून उभी राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही. बरंच झालं.

माझी जुनी जोडीदारीण काम सोडून मुलाकडे राहायला गेली. इतकी वर्षं आम्ही दोघींनी चादरींच्या घड्या घातल्या. तोंड चालू असलं की हात आपोआप चालायचे. तिच्या जागी नवी आली आहे. माझ्याच वयाची, उंच, हाडकुळी. एक अक्षर बोलत नाही. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं. दिवसभर बोटांना बोटं लागतात आणि ओळख म्हणून नाही! मी मनातल्या मनात तिला मौनी म्हणते.

७ एप्रिल

डोकं जड, लघवीला जळजळ, संध्याकाळी तळपाय पेटल्यासारखे. काष्ठौषधीच्या दुकानात गेले. तिथली म्हातारी मावशी नीट ऐकून घेते. धने, बडीशेप आणि वाळ्याच्या मुळ्या बांधून दिल्या. झोपताना माठातल्या पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी गाळायचं, चिमूटभर मीठ, थोडी साखर, वर पुदिन्याची पानं चुरडून. "घोट घोट घे, गटागटा नको," म्हणाली.

मग विचारलं, काम कुठे करतेस. सांगितलं. पुडी बांधता बांधता थांबली.

"यानं तहान भागेल, अंगातली आग जरा शमेल. पण हे पिऊन वाफेसमोर उभं राहायचं नसतं गं. आधी सावली आणि पाणी, मग माझं औषध. आणि घाम यायचा थांबला, माणूस भलतंच बरळायला लागला, तर माझ्या पुड्या विसर. अंगावर पाणी ओत आणि दवाखाना गाठ."

पुड्या घेऊनही उगाच रेंगाळत राहिले. बरण्यांमध्ये काय काय आहे ते विचारत बसले. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा निघावंच लागलं.

८ एप्रिल

खोलीभर वाळ्याचा वास. पाणी छान झालंय. छान झालंय म्हणायला कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.

११ एप्रिल

जळजळ कमी आहे. डोकं अजून दुखतं, पण तग धरते.

आज बाटलीच्या झाकणात पाणी ओतून मौनीपुढे धरलं. "घ्या हो थोडं. धने-वाळ्याचं आहे, थंड असतं." तिनं आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको, नको," म्हणाली, केवढ्या मोठ्यानं! पलीकडच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मग खाली मान घालून भराभर घड्या घालायला लागली. मी एवढंसं तोंड करून झाकणातलं स्वतःच प्यायले.

ती स्वतः पाणी फारसं पीत नाही. दांडीवरचा टॉवेल घेऊन सारखं तोंड पुसते, बस.

१५ एप्रिल

दादाचा फोन. "उन्हाचं जप," म्हणाला. म्हटलं, थोडे दिवस तुमच्याकडे येऊ का? म्हणाला, "अगं, इथे तर तुमच्यापेक्षा जास्त उकडतंय." मग वहिनीला द्यायला गेला आणि फोन कटला. परत आला नाही.

मीच करायला हवा होता का? नाही केला.

१८ एप्रिल

पंखेवाला आला, बघून गेला. पंखा तसाच.

मौनी बोलत नाही म्हणून मी गप्प बसायचं का? मी आपली बोलत राहते. वरच्या मजल्यावरची खोली कशी तापते, गच्चीवर ओली पोती टाकली तरी स्लॅब कसा धगधगतो, मांजर आता माझ्याकडे का येत नाही. आज तिला ह्यांच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. दादालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज चिरकला माझा. तिनं चादर ताणली आणि पुढची ओढली.

घरी येऊन जेवले नाही. एवढा काय माणसाचा कंटाळा!

२२ एप्रिल

क्रमानं लिहिते.

जेवणाच्या सुट्टीनंतर मौनी उलट्या दिशेलाच चालायला लागली. चादर माझ्या हातात ताणली गेली, तिच्या हातातून सुटली. "अक्का, दार उघड," असं भिंतीला म्हणाली. मी जाऊन तिचा दंड धरला. कोरडा ठणठणीत, आणि रोलरला हात लावावा तसा गरम. मी बाटली उघडली, तिच्या तोंडाजवळही नेली, आणि मावशीचे शब्द आठवले. या अवस्थेत पाजलं आणि ठसका लागला तर? बाटली खाली ठेवली.

बखोटीला धरून तिला धुलाईखान्यात ओढत नेलं. मशीनमधून ओल्या चादरी काढल्या, तिला ओल्या फरशीवर निजवून त्या अंगावर टाकल्या. तिथल्या दोघीजणींनी बादल्या ओतल्या. एक पुठ्ठ्यानं वारा घालत बसली. सुपरवायझर धावत आला. म्हणाला, "जरा पडून राहू दे, होईल बरी. ॲम्ब्युलन्स बोलावली तर वर उत्तर कोण देणार?"

"मी देईन," म्हटलं. फोन आधीच केला होता.

दवाखान्यात विचारलं, पेशंटचं नाव? मला सांगता येईना. नातं? "समोर उभ्या असतात," म्हटलं. त्या माणसानं पेन वर उचलून माझ्याकडे बघितलं.

२३ एप्रिल

शुद्धीवर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडांवर ताण आलाय, आज काही सांगता येत नाही. भेटायला कुणीही आलेलं नाही. काचेबाहेरच्या बाकावर बसून राहिले.

मी अशी पडले असते तर त्या बाकावर कोण बसलं असतं?

२४ एप्रिल

कामावर पंखा सुरू झाला. टेबलापलीकडे कुणी नाही. चादरींच्या घड्या एकटीनं घालता येत नाहीत.

२५ एप्रिल

डोळे उघडले म्हणे. मी पोचले तेव्हा झोपली होती.

२७ एप्रिल

वॉर्डात शिरले तशी नर्स म्हणाली, "मावशी, त्यांच्या अगदी समोर बसून बोला. त्यांना ऐकू येत नाही. आधीच्या कारखान्यातल्या आवाजानं कान गेलेत, ओठांवरून ओळखतात." मी तिथेच उभी राहिले. मग खुर्ची ओढून समोर बसले. तीच म्हणाली, मोठ्यानं, "कामावर सांगू नका हं, काढून टाकतील." मग म्हणाली, "वाफेत तुमचं तोंड नीट दिसायचं नाही. नुसते ओठ हलताना दिसायचे, दिवसभर. मला वाटायचं, माझा हात हळू चालतो म्हणून तुम्ही रागावताय."