आत्या, रिकामी सीट कुणाची?

प्रिय आत्या,

'प्रिय' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. तुम्ही असताना असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतंत, "काय गं, काय पायजे?"

हवंच आहे. म्हणून तर लिहितेय.

शिरूरला महिला उद्योजकांचा कार्यक्रम आहे. तुमच्या नावानं सत्कार होणार आहे आणि तुमची सून म्हणून मला बोलायचं आहे. विषयही त्यांनीच दिलाय, 'यशस्वी व्यवसाय आणि माणुसकी'. फोनवर त्या बाई म्हणाल्या, "सासूबाईंनी दोन्ही कसं साधलं, तेवढंच सांगा." तेवढंच! अहो, तेवढंच तर मला कळत नाहीये. मग वाटलं, लोकांना सांगण्याआधी तुम्हालाच विचारून बघावं.

लोकांना माहीत असलेली गोष्ट सोपी आहे. मामंजी गेले तेव्हा आमचे हे, संजय, अजून शाळेत होते. भावकी म्हणाली, मेंढरं आम्ही बघतो, तू घर बघ. तुम्ही मेंढरं विकलीत आणि जीप घेतलीत. एमआयडीसीत कामगार पोचवायला सुरुवात केलीत. जिपेची मिनीबस झाली, मिनीबसच्या बस झाल्या. निमोण्याची एक धनगराची बाई कंपनीच्या गेटवर उभी राहून ड्रायव्हरांना झापते, हे बघायला म्हणे लोक मुद्दाम थांबायचे.

मला बघायला तुम्ही दौंडला आलात तेव्हा स्वयंपाकाचं काहीच विचारलं नाहीत. माझ्या आईला विचारलंत, "पोरगी मोठ्यानं बोलती का?" आई घाबरून म्हणाली, "नाही हो, अगदी हळू बोलते." तुमचा चेहरा पडला. मग मी आतून ओरडले, "बोलते की!" तुम्ही हसलात आणि लग्न ठरलं. ही गोष्ट मी भाषणात नक्की सांगणार आहे. अडचण पुढच्या गोष्टीची आहे.

शिफ्टचे कामगार गेटवर उतरले की आपल्या बस मोकळ्या परत यायच्या. वाटेत जो उभा असेल तो त्यात बसायचा. कॉलेजच्या पोरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, कांद्याच्या रोपांची टोपली घेतलेल्या बाया. पैसे घ्यायचे नाहीत, असा तुमचा हुकूम. "गाडी मोकळी चाललीया आन् माणूस उन्हात चालतंय, शोभतं का आपल्याला?"

नवीन होते तेव्हा मी विचारलं होतं, "आत्या, थोडे पैसे घेतले तर? डिझेल तरी निघेल." तुम्ही मटकी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "पैसं घेतलं की ते गिऱ्हाईक झालं. मग त्ये म्हणणार, मला सीट दे, टायमाला ये. फुकट नेलं की त्ये आपलं माणूस ऱ्हातं."

तेव्हापासून मी गोंधळलेली आहे. ही दया होती की हुशारी? दुसऱ्या एका ठेकेदारानं आपला रूट घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा गावोगावची माणसं आपल्या बाजूनं उभी राहिली होती. कवठे येमाईचे आप्पा तर कंपनीत जाऊन सांगून आले, "गाड्या बाईच्याच पायजेत." ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं का? असलं तर त्या माणुसकीची किंमत कमी होते का? मला वाटतं, होत नाही. मग वाटतं, होते. मी काय सांगू त्या लोकांना?

तुम्ही दिवाळीनंतर गेलात. दशक्रियेला एवढी माणसं आली की मांडव पुरला नाही. कंपनीतली बिहारची पोरंसुद्धा आली होती. एक जण रडत म्हणाला, "अम्मा पूछती थीं, खाना खाया कि नहीं. यहाँ और कौन पूछता है?" जो तो म्हणत होता, देवमाणूस गेलं.

आणि त्याच गर्दीत छाया आली. बाळू ड्रायव्हरची बायको. जेवली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "सगळी देवमाणूस म्हणत्यात. माझ्या घराला द्येव कुठं दिसला न्हाई." बाळू दारू पिऊन कामगारांनी भरलेली बस चालवत होता आणि तुम्ही त्याला काढलंत, एवढं मला माहीत होतं. छाया लेकरं घेऊन आपल्या दारात बसली होती, तरी तुम्ही त्याला परत घेतलं नाहीत, तेही ऐकलं होतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघून मला कळेना, ती खोटं बोलतेय की बाकीचे सगळे?

मग थंडीत ते झालं. मोकळ्या गाडीतून फाट्यावर उतरताना एका म्हाताऱ्या बाबांचा पाय पायरीवरून घसरला आणि हात मोडला. बाबा बिचारे म्हणत राहिले, "गाडीचा काय दोष न्हाई, माझंच ध्यान न्हवतं." पण आता गाड्यांत कॅमेरे आहेत, आत्या. कंपनीत सगळं दिसलं.

तिथल्या मॅडमनी मला बोलावलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "कामगारांशिवाय कुणी गाडीत असेल तर विमा लागू होत नाही. आज हात मोडला. उद्या एखादी मुलगी दगावली, तर तिच्या घरी जाऊन तुम्ही काय सांगणार?"

मी काय सांगणार होते? त्यांचं म्हणणं खरंच होतं. मला तर त्यांचा राग यायला हवा होता, तोही येईना! बाहेर आले आणि तुमचाच राग आला. तुम्ही एवढी वर्षं विम्याशिवाय माणसं नेलीत. कुणी पडलं नाही, म्हणून ती माणुसकी ठरली. माझ्या वेळी पडलं, तर तो निष्काळजीपणा? हा कुठला न्याय?

संजय म्हणाले, "आईच्या वेळचं सोड. ठेका गेला तर सगळ्या ड्रायव्हरांच्या घरच्या चुली विझतील." तेही खरंच. मी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आजपासून बाहेरचं माणूस घ्यायचं नाही. सगळ्यांनी अंगठे पाठवले. काम झालं.

काम झालं असं मला वाटलं.

मार्चमध्ये रस्त्याच्या कडेच्या रानात कांदा काढायचं काम चालू होतं. मी स्कूटीवरून चालले होते. तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक पोरगी बांधावर येऊन म्हणाली, "काकू, गाडी परत चालू व्हणार हाय का?"

कोमल होती ती, वस्तीवरच्या रामदासभाऊंची थोरली. शिरूरला सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती. तुमची लाडकी, आठवते? पुढच्या सीटवर बसून पुस्तक वाचायची आणि तुम्ही ड्रायव्हरला सांगायचात, "गाणी बंद कर, पोरगी वाचतीया." एसटी वेळेला येत नाही, वडिलांना रोज सोडायला जमत नाही. कॉलेज सुटलं होतं.

मी म्हटलं, "बघते." दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन संजयना सांगितलं. ते म्हणाले, "एका पोरीसाठी?" मी म्हटलं, "एकीचं मला कळलं. बाकीच्यांचं विचारायला मी गेलेच कुठं?" मग विचारत फिरले. वस्त्यावस्त्यांवर पोरी घरी बसल्या होत्या. कुणी तक्रार केली नाही. मला त्याचंच जास्त लागलं. फुकटच्या गोष्टीची तक्रार कोण करणार? तुम्ही म्हणायचात, फुकट नेलं की माणूस आपलं राहतं. हो, राहतं. पण त्याला भांडता येत नाही, आत्या! हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं का?

आपली जुनी मिनीबस विकायची असं संजयनी ठरवलं होतं. त्या पैशात नव्या बसची सोय होणार होती. मी म्हटलं, ती विकू नका, पोरींना शाळा-कॉलेजला न्यायला ठेवू. आमचं चांगलंच वाजलं. चार दिवस ते माझ्याशी सरळ बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बघते तर अंगणात पिवळ्या रंगाचे डबे. म्हणाले, "शाळेच्या गाडीला पिवळाच रंग लागतो. आता बघतीस काय? पाणी आण." आईवर गेलेत की नाही, तुम्हीच सांगा!

परवाना, विमा, सगळं रीतसर केलं. आणि आत्या, मी पास ठेवलाय. ज्यांना झेपतं त्यांनी पैसे भरायचे, नाही झेपत त्यांनी तसं सांगायचं. वस्तीवर कुजबुज झाली, "म्हातारी असती तर फुकट न्येलं असतं." ऐकून मी रडले. पण एक आई पहिल्याच आठवड्यात माझ्याशी भांडायला आली, "गाडी रोज लेट का येती? पास भरलाय आमी!" मला आधी राग आला आणि मग इतकं बरं वाटलं! असं एकदम दोन्ही वाटतं का कुणाला?

पोरींच्या गाडीत एक बाई ठेवावी लागते. तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट आता सांगते. मी छायाकडे गेले. का गेले ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. बाळू दारातच बाजेवर झोपला होता, भरदुपारी. मी कामाचं बोलले. तिनं मला बसायला पोतं टाकलं. मग म्हणाली, "तुमच्या सासूबाई आल्या व्हत्या या घरी."

मी म्हटलं, "कधी?"

"मी तुमच्या दारातनं उठून आले, त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हणाल्या, 'छाया, बाळूला मी गाडी देणार न्हाई. लोकांची लेकरं हायेत गाडीत. तू परत परत मागाया येशील आन् परत परत न्हाई ऐकशील. म्हणून मीच आले सांगाया.' बसल्या. कोरा चहा घेतला. मी तोंडाला यील ते बोलले त्यांना. ऐकून घेतलं आन् गेल्या."

"मग तुझा राग?"

"राग हाय की. अजून हाय." तिनं पदर खोचला. "म्हणून काय काम करायचं न्हाई व्हय? सकाळी किती वाजता यायचं?"

आत्या, हे तुम्ही घरात कधी बोलला नाहीत. संजयनाही माहीत नव्हतं. लोकांना गाडीत बसवलंत ते सगळ्या तालुक्याला माहीत आणि हे कुणालाच नाही. का बरं?

जूनमध्ये गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मीही बसले. छाया दारात उभी राहून एकेकीला हात देत होती. वस्तीच्या थांब्यावर कोमल उभी होती. मला इतका आनंद झाला की मी जागेवरून उठलेच. मग दिसलं, दप्तर तिच्या धाकट्या बहिणीच्या, सोनालीच्या पाठीवर होतं. कोमलच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

रामदासभाऊ मागं उभे होते. म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाई, वहिनी. गाडी बंद झाली, पोरगी घरी बसली, तेवढ्यात स्थळ आलं आन् घाईत लगीन उरकलं, आता चार दिस माहेराला आलीया. चांगली हायेत माणसं. धाकटीला न्या तुमी."

"कॉलेज पुरं करू देणार आहेत का तिला?"

"म्हणालेत तर. बघू."

कोमल पायरीवर चढली, आत वाकून सगळ्या सीटांवरून नजर फिरवली. म्हणाली, "छान केलीया गाडी, काकू." आणि उतरली. छायानं दार लावलं. गाडी निघाली.

आता सांगा, मी भाषणात काय बोलू? गाडी सुरू केली म्हणून टाळ्या घेऊ? की कोमलचं सांगू? मी नियम मोडला असता तर ती आज त्या गाडीत असती. मोडला असता आणि काही झालं असतं, तर कदाचित ती कुठेच नसती. कंपनीच्या मॅडम चूक नव्हत्या, संजय चूक नव्हते, रामदासभाऊंनाही मी चूक म्हणू शकत नाही. मग ती पोरगी पायरीवरून उतरली कशी? इतकी सगळी बरोबर माणसं असताना?

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. तुम्ही दोन्ही साधलं होतंत का, की तुमच्याही हातून असंच काही ना काही सुटत गेलं आणि तुम्ही मान खाली घालून मटकी निवडत राहिलात?

मला माहीत नाही. पण एक ठरवलंय. धंदा म्हटला की कुणाला तरी नाही म्हणावंच लागेल. यापुढे मी ते फोनवर लिहून मोकळी होणार नाही. ज्याला नाही म्हणायचं त्याच्या घरी जाईन, समोर बसेन, त्याचं पुढं काय होणार ते विचारीन आणि त्याला जे बोलायचं ते सगळं ऐकून घेईन. जमलं तर तिथंच बसून दुसरा रस्ताही शोधीन. आणि कोमलच्या सासरी जायला मी कुणाच्या निमंत्रणाची वाट बघणार नाही. पुढच्याच आठवड्यात जाते आणि तिच्या कॉलेजचं विचारते. मोठ्यानं.

तुमची सून,
मनीषा