मुकादमाची तपासणी

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन उचलत नाही म्हणून चिडली आहेस, पण अगं, चाळीस वर्षं फरशी घासायच्या मशीनची घरघर ऐकून हे कान कामातून गेलेत. फोनवर तू काय ओरडतेस ते मला कळत नाही आणि मी आपला हो हो करत राहतो. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू कितीही ओरडलीस तरी मला हवं तेवढंच वाचता येतं.

आता मोठी बातमी. घरची फरशी झाली! जगाच्या घरात आरसे बसवलेत आणि आपल्या घरात मात्र दिव्याखाली अंधार, हा टोमणा तुझ्या वहिनीने मला तीस वर्षं ऐकवला. तिला शब्द दिला होता की काम सोडताना शेवटची फरशी तुझी. मशीन धंद्यातल्या जोडीदाराच्या हवाली करायच्या आधी बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीत माझ्या पलंगाखालपर्यंत सगळी घासली. सगळ्यात खरखरीत दगडापासून सुरुवात करून सात दगड बदलले, वर मेण. भांग पाडायला वेगळा आरसा नको. तुझी वहिनी तर तिला इतकी जपते की एक हात भिंतीला लावून कडेकडेनं चालते. मधोमध पाय ठेवायला तिचा जीव होत नाही. मी म्हटलं, अगं वापरायलाच केली आहे, पण कौतुक असतं एकेकाला.

काळजी आहे ती मुकादमाची. तेरा वर्षांचा झाला. तुला आमची रीत आठवत असेल. कामावर तो दारात बसून सगळ्या गड्यांवर नजर ठेवायचा, म्हणून तर कुत्र्याचं नाव मुकादम पडलं. काम संपलं की घरमालकाला बोलवायच्या आधी आम्ही त्याला आत सोडायचो. धावत आला आणि मधोमध चारी पाय फाकून सुळकन घसरत गेला की काम पास. त्याला एक बिस्किट, आम्हाला चहा. न घसरता पलीकडे पोचला तर पुन्हा मेण लावायला बसायचो.

आपल्या फरशीवर तर तो असा घसरला की बसकणच मारली. मी टाळ्या वाजवल्या, बिस्किट दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पडला, पुन्हा बिस्किट. तिसऱ्या दिवसापासून स्वारी घरात यायला तयार नाही. दारातल्या पायपुसण्यावर बसून असतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. बारा वर्षं माझ्या पलंगाखाली घोरत झोपलेला प्राणी, आता मी हाक मारली तर शेपूट हलवतो आणि तोंड फिरवतो. त्याला काम सुटल्याचा राग आलाय, दुसरं काय! माझ्यावर रुसलाय. जोडीदार म्हणतो की फरशीच्या वखारीत माणसांची वर्दळ असते, तिथे त्याचं मन रमेल. १ मार्चला टेम्पो घेऊन न्यायला येणार आहे. मी हो म्हणालो खरा, पण तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मेव्हण्यांना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. ८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फरशीचं अभिनंदन! वहिनी शेवटी जिंकली म्हणायची. पण मुकादमाला वखारीत पाठवायचं हे तुझ्या डोक्यात आलं तरी कसं? तेरा वर्षांच्या कुत्र्याला आता नवीन नोकरी? तुला कुणी पाठवलं असतं तर चाललं असतं का?

रुसण्याचं मला काही पटत नाही. रुसणं हे तुझं काम, त्याचं नव्हे. लहानपणी जेवणावर रुसून माळ्यावर जाऊन बसायचास ते विसरलास वाटतं. उगाच मनात काही घेऊ नकोस आणि मला नीट कळव. तो उभा राहतो तेव्हा मागचे पाय कसे ठेवतो? बसलेला उठताना त्याला वेळ लागतो का? अंगणात मातीवर तो नीट चालतो का?

उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसवत नाही, म्हणून सोबत चार मोजे पाठवते आहे. दुकानात गाड्यांच्या सीटचं कापड उरलं होतं, चांगलं मऊसूत, त्याचे शिवले. घालून बघ, पायाला ऊब राहील आणि फरशीचा गारठा लागणार नाही. दाराजवळ एखादी सतरंजीही अंथर.

माझा धंदा बरा चाललाय. परवा एका बसच्या बावन्न सीटा शिवायला आल्या आणि हे घरचे लोक विचारतात की जेवायला उशीर का.

वहिनीला सांग की भिंतीला धरून चालायचं कौतुक पुरे, आता मधोमध मिरव. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी


दि. १३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझे मोजे आले आणि घरात नाटक झालं. आधी घालायलाच अर्धा तास गेला. तीन पायांत चढवले की चौथा घालेपर्यंत पहिला तोंडात. शेवटी वहिनीने त्याला धरलं आणि मी घातले. मग त्याने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं मात्र, चार पाय चार दिशांना! आधी नुसता घसरत होता, तुझ्या मऊसूत कापडाने तो वाहायला लागला. मी उचलून बाहेर ठेवला. सीटच्या कापडावर माणसं बसतात गं, चालत नाहीत.

सतरंजीची तऱ्हा आणखी वेगळी. फरशी इतकी सुरेख झाली आहे की सतरंजी तिच्यावर ठरतच नाही. तो तिच्यावर चढला तसे दोघे मिळून कपाटापर्यंत गेले. वहिनी हसून हसून खाली बसली, आणि बसली ती बराच वेळ उठेना. मीच हात देऊन उठवली. मुकादम मात्र हसला नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. उभा राहिला की मागचे पाय थरथरतात. उठायला वेळ लागतो, पण तो तर मलाही लागतो. अंगणात मातीवर चालतो, गेटपर्यंत जाऊन भुंकूनही येतो. म्हणजे पाय शाबूत आहेत आणि राग फक्त घरावर आहे, हेच सिद्ध होतं की नाही? नखं मात्र फार वाढली आहेत. पूर्वी माझ्याबरोबर रस्त्याने इतकं चालायचा की आपोआप झिजायची.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. तुझ्या डोक्यात फरशीवर काही गोणपाट वगैरे अंथरायचं असेल तर ते होणार नाही. वहिनीसाठी केलेली फरशी आहे ती. तिच्यावर ठिगळं लावणार नाही.

जोडीदाराचा निरोप आला, १ तारीख पक्की. मुकादमाची जेवणाची थाळी घासून ठेवली आहे, बरोबर द्यायला. फार लिहवत नाही. आठवण ठेव, एवढंच.

तुझा,
दादा


दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोज्यांची चूक कबूल. कान धरते. आता तुझी चूक ऐक, आणि हे पत्र हवं तेवढंच वाचायचं असं नाही, पूर्ण वाचायचं.

इथे आमच्या गल्लीत जनावरांची डॉक्टरीण आहे. तिच्या स्कूटरची सीट मी शिवते. काल ती आली तेव्हा मी तिला तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. मोज्यांपाशी तीही हसली, पण बिस्किटाची गोष्ट मात्र पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली की कुत्रं म्हातारं झालं की मागच्या पायांतला जोर जातो. चालताना ते तळव्यांनी जमीन धरतं. नखं वाढली की तळवे नीट टेकत नाहीत, तळव्यांमधले केस वाढले की तेही घसरतात. आणि खाली आरसा असेल तर बिचाऱ्याने धरायचं काय? तरुणपणी घसरला तर उठून शेपूट हलवायचा, आता घसरला की त्याच्या कमरेत कळ जाते.

दादा, तो रुसलेला नाही. तो घाबरलाय. तुझ्यावर त्याचा एवढा जीव आहे की एकदा पडूनही तो दुसऱ्या दिवशी आत आला, कारण तू बोलावलंस. आणि पडल्याबद्दल तू त्याला बिस्किट दिलंस, वर टाळ्या वाजवल्यास! लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी येतंय, तुला तर किती लागेल ते मला माहीत आहे. पण हे मी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

आता काम. पार्सल पाठवते आहे. बसमध्ये उभ्या माणसांचे पाय घसरू नयेत म्हणून जो रेघारेघांचा रबर अंथरतात, त्याची पट्टी आहे. दारापासून पलंगापर्यंत अठरा फूट, असं तू दिवाणखान्याच्या कौतुकात मागे लिहिलं होतंस, तेवढी कापली आहे. मध्ये फट ठेवू नकोस, त्याला उडी मारायला लावू नकोस. कडा चिकटपट्टीने बसव. नखं एकदम खोल कापू नकोस, रोज थोडी थोडी काप. तळव्यांमधले केस कातरीने जपून काढ. आणि पहिल्या दिवशी पोटाखालून टॉवेल घालून त्याचा मागचा भार तू उचल, गळ्याला धरून ओढू नकोस.

ठिगळ म्हणून नाक मुरडशील, ठाऊक आहे. लहानपणी पाण्याच्या टाकीजवळ शेवाळ होतं, आठवतं? मी तिथे रडत उभी राहायची. तू मला कधी भित्री म्हणाला नाहीस. स्वतःची चप्पल काढून माझ्या पायापुढे ठेवायचास, मी तिच्यावर पाय दिला की दुसरी पुढे ठेवायचास. तेवढंच मुकादमासाठी कर. मग खुशाल पाठव वखारीत, मी काही बोलणार नाही.

वहिनीला नमस्कार. ओरडले ते पोटात घाल, माया ओठात ठेव.

तुझी,
ठकी


दि. २ मार्च

चि. ठकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. त्या दिवशी मी बाहेर जाऊन पायपुसण्याशेजारी पायरीवर बसलो आणि मुकादमाची माफी मागितली. शेजारच्या बाई कपडे वाळत घालता घालता बघत होत्या. बघू देत. तो माझा हात चाटत राहिला. त्याला माफी कसली हेच माहीत नव्हतं.

पार्सल २७ तारखेला आलं, टेम्पो यायला दोनच दिवस. नखं आणि केस तोवर झाले होते. पट्टी अंथरली. माझ्या मेणावर चिकटपट्टी लावताना दोनदा मागे घेतली, खोटं कशाला सांगू. टॉवेल पोटाखाली घेतला, मी मागे, तो पुढे. एक पाऊल, मग थांबला. खाली वास घेतला. दुसरं पाऊल. दिवाणखान्याच्या मध्यावर आला आणि शेपूट वर झाली! मी टॉवेल सोडला तरी त्याला कळलं नाही, आपला चालत राहिला. पलंगाशी पट्टी संपली तिथे थांबला.

त्याची जागा पलंगाखाली. तिथे वळायचं, अंग टाकायचं, पुन्हा उठायचं, आणि तिथे सगळा आरसाच. त्याने एक पाय पुढे टाकला, तो सरकला, तसा मागे घेतला. मग पट्टीच्या टोकावर उभा राहून कधी पलंगाखाली बघे, कधी माझ्याकडे. तुझ्याकडून आणखी पट्टी यायची तर आठवडा जाणार.

मशीन तर देऊन टाकलेली. मी माळ्यावर चढलो आणि जुन्या डब्यातून हाताने घासायचा दगड काढला, सगळ्यात खरखरीत, पहिला. पलंग सरकवला, पाणी शिंपडलं आणि गुडघ्यांवर बसलो. चाळीस वर्षं जे चढवत आलो ते उतरवायला बसलो होतो, ठके. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिच्यासाठी केलेली फरशी. तर ती भिंतीला धरून आत गेली, पाण्याची बादली भरून आणली आणि म्हणाली की एवढं झालं की स्वयंपाकघरापर्यंत घे, आणि तसंच न्हाणीघरापर्यंत. का ते सांगितलं नाही. मी चाट पडलो, पण घेतलं. दोन दिवस लागले. गुडघ्यांची सालं निघाली.

काल सकाळी फरशी सुकली. पलंग जागेवर ठेवला आणि जुन्या रीतीप्रमाणे मुकादमाला दारातून सोडलं. धावला नाही, ते वय गेलं. पण चालत आला, पट्टीवरून उतरला, पलंगाखाली गेला, गोल फिरला आणि अंग टाकलं. एकही पाय घसरला नाही. मी बिस्किट दिलं. दोन दिली. पाच मिनिटांत घोरायला लागला, आणि हे मला या कानांनी ऐकू आलं!

दुपारी जोडीदार टेम्पो घेऊन हजर. आत आला आणि डोक्याला हात लावला. एवढ्या सुंदर फरशीचा सत्यानाश कुणी केला म्हणून विचारायला लागला. मी सांगितलं, मुकादमाने काम नापास केलं होतं, दुरुस्त करून दिलं. तो मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवून रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना थाळी मात्र नेत होता, ती मी दारातून परत घेतली.

पत्राच्या शेवटी वहिनीला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून पेन तिला देतो. मला वाचून दाखवायच्या नाहीत म्हणे. तुझ्या चपलेची आठवण खरी होती गं. अशीच ओरडत जा.

तुझा,
दादा

ता. क.
सौ. वन्सं, नमस्कार. यांनी माझ्यासाठी इतक्या हौसेने फरशी केली, मग सांगणार कशी? महिनाभर मी भिंतीला धरून चालत होते, दोनदा पडलेही. यांना वाटायचं मी फरशी जपते. काल दारापासून न्हाणीघरापर्यंत हात न टेकता मधोमध चालत गेले. मीही घसरले नाही. बिस्किट मात्र मला कुणी दिलं नाही.