फुगा काहून खाली आला

धरमपेठ, नागपूर
३ डिसेंबर २०२४

ती. बाबा व सौ. आईस मयुराचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून काटोलच्या फेऱ्या करणाऱ्या ताराचंदच्या गाडीतून ही चिठ्ठी पाठवते आहे. आपल्या दिपालीचं बाळ अजून रामदासपेठेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतच आहे. ती आणि ऋषिकेशराव तिकडेच असतात. तिची पोरं, गोलू आणि नूपुर, माझ्याकडे.

बाळाच्या पाळण्याला बांधायचा म्हणून पोरांनी फुटाळा तलावावरून गॅसचा फुगा आणला. रात्री छताला टेकला होता, सकाळी पाहते तर जमिनीवर. फुगा काहून खाली आला वं मावशी, म्हणून नूपुरने मला भंडावून सोडलं. मी म्हटलं, थकला असेल. तर विचारते, मग बाळही थकून राहिलं का? मी पोळी लाटत राहिले. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचे, तुम्हीच सांगा काहीतरी. आणि चष्मा स्वतःचा स्वतः शोधत जा, आईला पळवू नका.

तुमच्या मायेची,
मयुरा

काटोल
४ डिसेंबर

चि. मयुरास अनेक आशीर्वाद.

थकला वगैरे सांगू नकोस बाई. त्या गॅसचं नाव हेलियम. हवेपेक्षा फार हलका, म्हणून फुगा वर जातो. पण त्याचे कण इतके बारीक, की रबरातूनच निसटतात. भोक कुठे नसतं, गाठ घट्ट असते, तरी गॅस हळूहळू जातो. उरलेल्याला मग रबराचं वजन पेलवत नाही. पोरांना गव्हाची चाळणी दाखव. गहू वर राहतो, बारीक माती खाली पडते. कोणाचीच चूक नाही, हेही सांग.

बाळाचं वजन तू लिहिलंच नाहीस. ताराचंदचा हॉर्न वाजला की तुझी आई फाटकाशी जाऊन उभी राहते. खरं असेल ते कळव.

सर्वांस प्रेम सांगणे.
बाबा

धरमपेठ
७ डिसेंबर

ती. बाबांस सा. न.

चाळणी दाखवली. गोलूला लगेच पटलं, शेजारच्या पोरांनाही शिकवून आला.

काल दिपालीला दवाखान्यातून सुट्टी झाली. बाळाला नाही. ती रिकाम्या हातांनी घरात आली आणि तिने चप्पल काढायच्या आधीच गोलूने तिला सगळं समजावलं, की आई, गाठ कितीही घट्ट मारली तरी आतलं निघूनच जाते, कोणीच काही करू शकत नाही. ती तशीच चपलेसकट दारात बसली. मला एवढंच म्हणाली, की ताई, मी काहून नाही धरून ठेवू शकली वं त्याले पूर्ण दिवस?

आपलं काय चुकलं, ते गोलू मला विचारत राहिला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, बाबा. बाळाचं वजन वाढत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. दिपालीला मी काय सांगू, तेवढं लिहा.

तुमची,
मयुरा

काटोल
८ डिसेंबर

चि. मयुरास आशीर्वाद.

चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. फुग्याचं फुग्यापुरतंच असतं, असं दिपालीला लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि कागद फाडला. मला नाही येत हे.

तुझ्या आईने पिशवी भरून ठेवली आहे. ही चिठ्ठी सकाळच्या फेरीत मिळेल, दुपारच्या फेरीत आम्ही पोचतो. दिपाली झोपली असेल तर उठवू नका. मी तिच्याजवळ बसून राहीन.

तोवर तिला सांभाळ, स्वतःलाही जप.
बाबा