चोरी माझी, नाव तिचं

बाबा,

मॉलमधल्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती म्हणाली, "मी घेतलं. याला माहीतही नव्हतं," आणि त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. ती म्हणजे तुमच्या लहानपणच्या मित्राची मुलगी. ज्यांना मी काका म्हणतो, ज्यांच्या इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगच्या घरात मागच्या खोलीत मी वर्षभर राहतोय, त्यांची एकुलती एक. तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो आणि ती इथेच कुठल्यातरी शाळेत पिवळ्या बसने जात असेल.

खरं काय झालं ते तुम्हाला सांगतो, कारण अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तिने कानातल्यांचा एक जोड लावून पाहिला, आरशासमोर मान तिरकी केली आणि "नाह, नॉट मी" म्हणून परत ठेवून दिला. मला तो तिच्या कानात इतका आवडला होता की मी पाकीटही बाहेर काढलं. पण दुकानातली एक बाई आम्ही आत आल्यापासून माझ्या मागे मागे फिरत होती. हँगर सरळ केल्यासारखं करायची आणि माझ्या हातांकडे बघायची. माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की मला पुढचं काही दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुला मी चोर वाटतोच ना, मग घे, असं मनातल्या मनात म्हणत मी तो जोड तिच्या खांद्यावरच्या उघड्या पिशवीत सोडून दिला. पार्किंगमध्ये गेल्यावर हसत हसत तिला दाखवायचा, असं काहीतरी डोक्यात होतं. दारातच गार्डने अडवलं. पिशवी तिची, जोड तिच्या पिशवीत. तिने आधी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

तिने असं का केलं ते मला तेव्हाच समजलं होतं, किंवा समजलं असं वाटलं होतं. कॉलेज मी फेब्रुवारीतच सोडलं. एका प्रोफेसरने माझा प्रोजेक्ट सगळ्यांसमोर हसण्यावारी नेला, मी त्याला नको ते बोललो आणि पुन्हा वर्गात गेलोच नाही. ते निमित्त. तिच्या मागे मागे फिरण्यात अभ्यास त्याआधीच बुडाला होता. आईला अजूनही वाटतं की मी शिकतोय. कॉलेज सुटलं की स्टुडंट व्हिसाचा आधार सुटतो, वर चोरीची केस लागली तर हे लोक सरळ परत पाठवतात. ती इथे जन्मलेली, तिला कोण कुठे पाठवणार? हे सगळं मी तिच्यापाशी बोललो होतो, रडलोही होतो. त्या खोलीत तिने ते आठवून वाक्य उच्चारलं, आणि मी खुर्चीवर बसून बुटांकडे बघत राहिलो.

तिथे बसल्या बसल्या मला तुमचा तो चोर आठवला. रविवारी आईला सुट्टी द्यायची म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात शिरायचात, गॅसवर वांगं भाजत ठेवायचात आणि शाळेत शिकवता तसा इतिहास मला ओट्यापाशी शिकवायचात. वांग्याची साल तडतडतेय, खिडकी उघडी आहे, तुम्ही चिमटा हातात धरून सांगताय: आपल्या घराण्यातला एकजण, इंग्रज नवे नवे आले तेव्हाचा. नदीकाठी वाळत घातलेलं कुणाचं तरी एक लुगडं त्याने उचललं. आधीही एकदोनदा काहीबाही उचललेलं असणार, म्हणून साहेबाने काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मी विचारतो, "अंदमानला?" तुम्ही म्हणता, "नाही रे, अंदमान नंतर. त्याच्या वेळी सिंगापूरला न्यायचे, पायात बेड्या घालून रस्ते बांधायला." नंतर एकदा तुम्ही मला शाळेत नेलंत, रिकाम्या वर्गात भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून बोट ठेवलंत आणि श्रीलंकेला वळसा घालून ते सावकाश सिंगापूरपर्यंत नेलंत. एवढं पाणी, एका लुगड्यासाठी.

लुगडं कुणासाठी होतं, हे त्याने साहेबालाही सांगितलं नाही आणि गावालाही नाही. बायकोचं नाव त्याने कुठे येऊ दिलं नाही. वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही तेव्हा घरच्यांनी पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा त्याचा पुतळा केला, तो जाळला आणि तेराव्याला गाव जेवलं. आणि मग एके दिवशी तो शिक्षा संपवून दारात येऊन उभा राहिला. जिवंत, पण शास्त्राप्रमाणे मेलेला. तेव्हा भटजींनी सांगितलं की याला घरात घ्यायचं तर हा नव्याने जन्मला पाहिजे. म्हणून त्या चाळिशीच्या, दाढी पांढरी व्हायला लागलेल्या माणसाचं बारसं केलं, मुंज केली आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावलं. बारशाचं ऐकून मी ओट्यावर लोळून हसलो होतो. "पाळण्यात मावला कसा, बाबा? चोर कुठला." तुम्ही गॅस बंद केलात. मला वाटलं मारणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "चोर म्हण, होताच तो. पण हसू नकोस. त्याचं त्याने भोगलं, दुसऱ्या कुणाला भोगायला लावलं नाही." मग दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाहीत.

बाबा, तो रविवार मला आता रोज आठवतो. त्याला शिक्षा म्हणून समुद्रापलीकडे धाडलं आणि मी शिक्षा म्हणून घरी जाईन, एवढाच काय तो फरक, असं मी स्वतःशी म्हणत होतो. पण फरक तेवढाच नाही.

या घरात आता मी चांगला मुलगा आहे. काका तिच्याशी बोलायचे थांबलेत. काकू मला आग्रहाने वाढतात. परवा जेवताना त्या तिला म्हणाल्या, "हा बघ, आईपासून इतका लांब राहतो, पण कधी कुणाच्या वस्तूला हात लावला का याने? शीक काहीतरी." माझ्या पानात त्यांनी पोळी टाकली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कॅन यू पास द दही?" मी दह्याचं भांडं पुढे सरकवलं. ते सरकवताना मी बोलू शकलो असतो. तेव्हा काका म्हणाले, "जाऊ दे गं, जेवू दे तिला," आणि त्यांचा आवाज फार थकलेला होता. तरी मी पानातली पोळी संपवली.

तिला वाटलं होतं, दंड भरायचा, कोर्ट सांगेल तो एखादा सुधारणेचा क्लास करायचा, संपलं. पण ऑगस्टमध्ये ती लहान मुलांच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागणार आहे, आणि लायसन्स देणारे असल्या केसची चौकशी करतात. हे कळलं त्या दिवशी ती गॅरेजमध्ये कपडे ड्रायरमध्ये टाकत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"विचारलं तर सांगेन, आय वॉज स्टुपिड."

"तू माझ्यासाठी एवढं..." खरं तर त्या दिवसापासून मी तिच्या त्या वाक्याचा एकच अर्थ लावत होतो आणि तो मला तिच्या तोंडून ऐकायचा होता.

तिने ड्रायरचं दार बंद केलं. "ओह माय गॉड. तुला वाटतं आय लव्ह यू ऑर समथिंग? यार, तुला डिपोर्ट केलं असतं. तुझ्या आईचं काय झालं असतं? मी कुणासाठीही केलं असतं." मग तिने बटण दाबलं. "यू कुड से समथिंग, यू नो. मी मागत नाहीये. जस्ट सेइंग."

मला राग आला, बाबा. हे तुम्हाला सांगायची लाज वाटते. जिने माझी चोरी अंगावर घेतली तिचाच मला राग आला, तिला मी आवडत नाही म्हणून. मी म्हटलं, "मग कशाला मध्ये पडलीस?" ती आत निघून गेली. नंतर कितीतरी वेळ मी फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत बसलो. त्यांत माझाही शर्ट होता. काकूंनी टाकायला सांगितला असणार.

आज सकाळी तिला कोर्टात जायचंय. काल काका म्हणाले, "तूही चल रे, तिला जरा धीर येईल." मी हो म्हटलं. आत्ता मी त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून हे लिहितोय. काका गॅरेजमधून गाडी बाहेर काढतायत, काकू डब्यात काहीतरी भरून आत्ताच गाडीकडे गेल्या. कोर्टात काय होतं ते मला नीट माहीत नाही, पण त्याआधी गाडीत काकांना सांगायचं, मग तिथे जो कुणी ऐकेल त्याला, आणि मग आईला फोन. आई काय म्हणेल ते मला कळत नाहीये. ती गप्प झाली तर मी काय करू, तेही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, तरी लिहिलं. नाहीतर गाडीत पुन्हा गप्प बसलो असतो. काकांनी हॉर्न वाजवलाय. एक सांगायचं राहिलं. मी फक्त खरं बोलायला जात नाहीये, बाबा. मी बोलेन तेव्हा पुढच्या सीटवरून ती वळून माझ्याकडे बघेल, निदान एकदा तरी, असं अजूनही मला वाटतंय. त्यासाठीही जातोय. पुन्हा हॉर्न वाजला. उठलो. हा कागद खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.