पुडीच्या घडीचं पत्र

ता. ६, रविवार
दुपारी, बरॅकमधून

दादास,

'प्रिय' लिहू की नको यावर दहा मिनिटं घालवली आणि शेवटी नुसतं 'दादास' लिहून मोकळी झाले. नमस्कार मात्र घे, तो वयाचा मान आहे. मी खुशाल आहे. तुम्ही दोघंही असालच. आईचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढउतार करू देऊ नकोस, तीन मजले म्हणजे काही कमी नाहीत.

फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहिते आहे. गेल्या रविवारी लाइन बंद होती, आणि चालू असती तरी काय? दहा मिनिटं मिळतात, मागे वीस जणी रांगेत उभ्या, आणि तिकडे तू फोन स्पीकरवर टाकून बसतोस. त्याच्या आधीच्या रविवारी मी सांगत होते ना, की आता हातबॉम्ब टाकायला शिकवणार, तेव्हा तू नुसतं "जपून" म्हणालास. आणि मागून आईचा आवाज आला, "कोणत्या हातानं टाकतात गं?" मी रांगेतल्या मुलींना सांगितलं तर सगळ्या हसून हसून बेजार. आई म्हणजे आईच आहे.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. बुटांनी टाचा सोलल्या होत्या, त्या आता निबर झाल्या. धावण्यात मी तिसरी. जेवण पोटभर असतं, चवीचं विचारू नकोस. शेजारच्या खाटेवर जी मुलगी आहे तिला आम्ही दुर्बीण म्हणतो. कोणाच्या पेटीत काय आहे, कोणाला पत्र आलं, कोण रडलं, सगळं तिला ठाऊक. बॉम्बचा धडाही गुरुवारी झाला. छान झाला.

आता मुद्द्यावर येते.

इथल्या डॉक्टरांकडे माझ्याबद्दल एक चिठ्ठी आली आहे. निनावी. टाइप केलेली.

काल त्यांनी मला बोलावून घेतलं. साधा माणूस आहे, चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर शोधत होता. "बसा," म्हणाले आणि एक कागद पुढे सरकवला. "हे वाचा, आणि सांगा खरं की खोटं."

पाचच ओळी होत्या. पाठ झाल्यात. 'आपल्याकडे भरती झालेल्या या मुलीला मधूनच दहा-बारा सेकंद काही कळत नाही. त्या वेळी तिचा उजवा हात उघडतो. तिच्या हातात बॉम्ब देऊ नये. बाकी ती सर्व कामाला चांगली आहे. तिला काढू नये.' आणि वर माझा भरती नंबर, एकही आकडा न चुकता.

तरी तोंड गप्प राहिलं नाही. म्हटलं, "खोटं आहे, सर. कोणीतरी खोडसाळपणा केलाय."

आधी मला दुर्बिणीचाच संशय आला. तिसऱ्या आठवड्यात बुटाची नाडी बांधताना तिनं मला विचारलं होतं, "मघाशी कुठे हरवली होतीस गं?" मी म्हटलं, झोप झाली नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे जरा जास्तच बघते असं मला वाटायचं. पण हात उघडतो हे तिला कुठून कळणार? ते तर आपल्या घराच्या चार भिंतींतलं. कप फुटायला लागल्यावर आईनं मला गुपचूप स्टीलचं भांडं दिलं, ते आपण चौघं सोडून कोणाला माहीत होतं? आता बाबा नाहीत. म्हणजे उरलो तू, मी आणि आई.

आणि खरं सांगू? मजकुराची गरजच नव्हती. कागद हातात घेतला तेव्हाच मी ओळखलं होतं. त्याच्यावर घड्या होत्या, दादा. पाकिटात घालायची साधी घडी नाही. आपली घडी. पुडीची. मधे खोलगट, दोन्ही कडा आत आणि शेवटचा कोपरा खिशात खोचल्यासारखा.

जन्मभर तेच केलं ना आपण. बाबा दवाखान्यातून चौकोनी कागदांची चळत आणायचे, सतरंजी पसरायची, आणि जेवणाआधी दोनशे पुड्या. कंपाउंडरचं घर. तुला डाव्या हातामुळे सगळ्यात जास्त बोलणी बसायची. बाबा गेल्यावर तू त्यांच्याच स्टुलावर बसलास आणि आजही तेच करतोस. मग टाइप करून, भाषा बदलून, नाव गाळून उपयोग काय? हात गप्प बसले नाहीत तुझे.

हो, तुझेच म्हणते आहे मी. आता बोलूनच टाकते.

फॉर्म भरताना तूच माझ्या समोर बसला होतास. 'पूर्वीचा कोणता आजार?' या रकान्याशी माझं पेन अडलं. डोक्याचे फोटो झाले, रक्त झालं, तारा लावून झाल्या, दर वेळी रिपोर्टवर एकच, सर्व ठीक. तीन डॉक्टरांनी तीनदा खांदे उडवले. तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? "ज्याला नावच नाही ते रकान्यात कसं बसवणार? टाक 'नाही'." आई कणीक मळता मळता म्हणाली होती, "विचारलंय तर सांगून टाका की." आपण दोघं तिच्यावर खेकसलो. मी 'नाही' लिहिलं. चौदा महिन्यांत झटका एकदाही आला नव्हता म्हणून माझंही मन मानलं.

आणि मग मागून चिठ्ठी? 'बाकी ती सर्व कामाला चांगली आहे' म्हणे! ही तर निव्वळ साखरपेरणी. मला बाहेरही काढायचं आणि अंगावरही येऊ द्यायचं नाही. काल जेवताना सगळा हिशेब जुळला माझ्या डोक्यात. मी गेल्यापासून आईचं सगळं तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडलंय, ते एक. आणि दुसरं, तुला भरतीतून छातीच्या मापावरून परत पाठवलं होतं. सहा वर्षं झाली, पण माझी निवड झाली त्या दिवशी तू पेढे आणलेस आणि स्वतः एकही खाल्ला नाहीस. मी पाहिलं होतं. बोलले नाही इतकंच.

भावानं असं करावं याचा राग येतो आहे, आणि रागापेक्षा वाईट वाटतं आहे.

अजून एक गंमत सांगायची राहिली. गंमत कसली, माझ्या मूर्खपणाची कथा. चिठ्ठी वाचून झाल्यावर, "खोटं आहे" म्हणता म्हणता, मी ती मिटली. नकळत. दोन कडा आत, कोपरा खोचला आणि अंगठ्यानं दाबून टेबलावर ठेवली. एका झटक्यात. डॉक्टर बघतच राहिले. चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाले, "बुधवारी आली ही. तेव्हापासून मिटायचा प्रयत्न करतोय, मला काही जमलं नाही. तुम्हाला बरं जमलं."

ते पुढे म्हणाले, "उद्या रविवार. सोमवारी दहाला या. तेव्हा लेखी द्या, खरं की खोटं." उठताना एवढंच म्हणाले, "ज्यानं कोणी लिहिलंय, त्याला तुम्हाला काढायचं असावं असं मला तरी वाटत नाही."

* * *

मधे उठले होते. कपडे वाळत घालून आले. दुर्बीण विचारत होती, "एवढं लांबलचक कोणाला?" म्हटलं, भावाला. "भाग्यवान आहे," म्हणाली. तिला एकही पत्र आलेलं नाही आत्तापर्यंत. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

दादा, वरचं काही खोडत नाही. खोडलं तर तुला वाटेल त्याहून वाईट काहीतरी होतं. पण आत्ता एक गोष्ट झाली. हे पत्र अर्धवट ठेवताना कोणी वाचू नये म्हणून मी मिटलं, सवयीनं, पुडीसारखंच. आणि हातात धरून तशीच उभी राहिले.

तुझ्या पुड्या उलट्या असतात ना रे! तू डावखुरा. तुझा कोपरा डावीकडून आत जातो. बाबा म्हणायचे, "याची पुडी उघडायला पेशंटनं आरशासमोर बसावं." तुझी उघडलेली पुडी परत मिटायला घेतली की माझी बोटं नेहमी अडखळतात, दोनदा तरी उलटसुलट करावी लागते. तुझी पुडी मला कधी एका झटक्यात मिटता आली आहे?

कालची आली.

मी खाटेवर बसले ती उठलेच नाही बराच वेळ. 'बाकी ती सर्व कामाला चांगली आहे.' हे तुझं वाक्य नाहीच. तू असं बोलतोस कधी? शेजारणीला माझ्याबद्दल असं कोण सांगतं? आणि कोणत्या हातानं टाकतात म्हणून कोणी विचारलं? मी हसले होते रे. वीस जणींना हसवलं.

म्हणजे ती तीन जिने उतरली. तो गुडघा घेऊन पोस्टाजवळच्या टायपिस्टपर्यंत गेली, परक्या माणसाला आपल्या मुलीचं व्यंग सांगितलं, टाइप करून घेतलं, मिटलं आणि परत तीन जिने चढली. तू दवाखान्यात असताना. तुला कळू न देता, कारण आपण दोघांनी मिळून तिला गप्प बसवलं होतं. मी निघाले तेव्हा दारात उभं राहून हसणारी हीच ना?

पहिल्यांदा रागच आला. तुला खोटं वाटेल, पण आला. वाटलं, सगळ्यांनी हो म्हटल्यावर हिनं कशाला? मग गुरुवार आठवला. तो मी तुला 'छान झाला' असं वर लिहिलंय. आता नीट लिहिते.

वाळूच्या पोत्यांची भिंत असते. एकेकीनं आत जायचं, सोबत उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे हवालदार. आधी आठ दिवस खोटे टाकले होते, गुरुवारी खरा. पिन काढेपर्यंत काही नाही. पिन काढली की मूठ आवळून ठेवायची. मूठ सुटली की चार सेकंद. बाकीच्यांच्या वेळी उस्ताद एक पाऊल मागे उभे होते. माझ्या वेळी अगदी लगत येऊन उभे राहिले. मला अपमान वाटला. मनात म्हटलं, मुलगी बघून करतायत का, पण माझ्या आधीच्या सगळ्या मुलीच होत्या.

मी पिन काढली. एवढं आठवतं.

त्यानंतर मला दिसलं ते उस्तादांचं तोंड, अगदी जवळ. त्यांची मूठ माझ्या मुठीवर होती, बोटं पांढरी पडलेली. ते ओरडत नव्हते. हळू आवाजात म्हणत होते, "आहे, आहे, मी धरलाय." मग माझ्या हातातून काढून त्यांनीच फेकला. आवाज झाला. माती उडाली. बाहेर पोत्यांमागे आठ जणी आपापल्या पाळीची वाट बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मीच टाकला. दुर्बीणही होती त्यात.

मी म्हटलं, "हात घामानं घसरला, उस्ताद." त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. कोरडा होता. आज समजतं आहे ते एवढे जवळ का आले. बुधवारी चिठ्ठी, गुरुवारी बॉम्ब. डॉक्टरांनी खरं मानलं नसेल कदाचित, पण उस्तादांच्या कानावर घातलं असणार.

चिठ्ठी एक दिवस उशिरा पोचली असती तर हे पत्र लिहायला मी नसते. ते चालेल म्हणू एक वेळ. पण उस्तादांना दोन मुलं आहेत.

मला इथून जायचं नाही, दादा. पहिल्यांदा कुठे तरी माझं नाव घेताना कोणी आवाज खाली आणत नाही. मला भीती वाटते आहे. तरी उद्या दहाला मी 'खरं आहे' असं लिहून देणार. फॉर्मवर 'नाही' मीच लिहिलं, सही माझी आहे, तेही लिहीन. तुझं नाव घेणार नाही. ते मला मोठ्या इस्पितळात पाठवतील, किंवा ऑफिसात बसवतील, किंवा सरळ घरी धाडतील. घरी धाडलं तर माझं स्टीलचं भांडं जागेवर असू दे.

तुझ्यावर घेतलेल्या संशयाची माफी कशी मागायची ते मला येत नाही. पेढ्याचं मी बोलायला नको होतं. आलास कधी भेटायला तर समोरासमोर दोन शिव्या दे, मी ऐकून घेईन.

आईला काही विचारू नकोस. तिनं तुझ्यापासून लपवलंय तर लपलेलंच राहू दे. जिन्याचंही बोलू नकोस. स्पीकर लावायची गरज नाही, शेजारी बसून तिला फक्त एवढं सांग: हात उघडला होता. पण त्याच्यावर दुसरा हात होता.

मी अशी मधेच थांबायचे म्हणून बाबा मला गमतीनं ज्या नावानं हाक मारायचे आणि भरतीच्या दिवशी मी तुम्हाला ज्या नावाची बंदी केली होती, ते आज मीच लिहिते. पत्र मिटते. कोपरा उजवीकडून आत आहे, तुला उलटा पडेल, सावकाश उघड.

तुझी,
थांबा