चूलबंद आवतण आणि चारचा चौकोन

अंथुर्णे

चि. सौरभ यास दत्तूतात्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे तुझ्या काकूचे गुडघे सोडले तर घरात कुणी कुरकुरत नाही. तिकडे पुण्यात तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांना जप. दिवसभर काचेत बघून माणसाला समोरची माणसं दिसेनाशी होतात, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

कारण तू आपल्या रेश्माच्या लग्नाचं आमंत्रण म्हणून केलेली ती वेबसाइट. फोनवर म्हणालास, "तात्या, शेंबड्या पोरालाही जमेल." जमली की! शेंबड्या पोरांना सगळ्यांना जमली. अडचण झाली ती मोठ्यांची. उघडली की पडदा सरकतो आणि सनई सुरू होते (ती बंद कुठून करायची ते अजून कुणाला सापडलेलं नाही. आपल्या गेणूआबांच्या खिशात ती एका दशक्रियेला वाजली). मग विचारतोस, "आपण येणार का?" आणि खाली तीन बटणं: येणार, नाही, बघू. अरे, भावकीला कुणी असं विचारतं का? आपल्यात आवतण देतात, जबानी घेत नाहीत. बरं, त्याच्याही खाली "किती जण?" असा चौकोन, आणि त्यात चारच्या वर आकडा घेईना. गेणूआबांच्या घरात खाणारी तोंडं चौदा. त्यांनी इमानानं चौदा भरले. चौकोन लालभडक झाला आणि अक्षरं आली, "कृपया योग्य संख्या भरा." आबा मोबाइल घेऊन थेट आपल्या ओट्यावर. म्हणाले, "दत्तोबा, माज्यातली धा मानसं आयोग्य हायती व्हय? कुठली त्येवढी सांग, घरी ठिवून येतो."

दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की दत्तोबा लेकीच्या लग्नात ताटं मोजून मांडणार. भावकीनं एकजुटीनं 'नाही' दाबलं (एरवी हे लोक बांधावरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ही एकी तुझ्यामुळं झाली, तेवढं श्रेय घे). मोरगावचे व्याही वऱ्हाड घेऊन उतरलेत आणि मांडवात अक्षता टाकायला मी आणि तुझी काकू, असं डोळ्यांपुढं दिसू लागलं.

शेवटी मोटारसायकल काढली, हळदकुंकू-अक्षता घेतल्या आणि घरोघर चूलबंद आवतण देत फिरलो. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं, एवढंच. याला ना पासवर्ड लागला, ना पडदा. गेणूआबांनी चहा पाजला तेव्हा जीव भांड्यात पडला. निघताना म्हणाले, "चौदा येतूय. लाल हू नगंस."

वापरणाऱ्याच्या मनात शिरतोस म्हणून तुझ्या कंपनीनं तुला बक्षीस दिलं म्हणे. अभिनंदन. आमच्या मनात शिरताना चपला तेवढ्या बाहेर काढायच्या होत्यास.

तुझा,
दत्तूतात्या

ता. क. साइट बंद करू नकोस. काकूला सनई आवडते.

आणखी ता. क. कुणी काय दाबलं ते रेश्माला तिच्या मोबाइलवर दिसतं. रुसलेल्यांनी 'नाही' पुसून 'येणार' केलं. 'बघू' मात्र आख्ख्या भावकीत एकट्यानंच दाबलंय, पुण्याहून. रेश्माला सख्खा भाऊ नाही, हे तुला मी सांगायला नको. "कानपिळीला नवऱ्याचा कान कोण पिळणार, तात्या?" असं तिनं काल विचारलं. त्याचंही बटण निघालं असेल तर पाठव. नसेल, तर हात घेऊन ये.